ओढू नका, बसून राहा : वॉटर स्कीइंग आणि त्याचं सामान

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या गाड्यांच्या नंबरपाटीवर 'दहा हजार तळ्यांचं राज्य' असं छापलेलं असतं. ही बढाई वाटते, पण उलट कमीच सांगितलंय. चार हेक्टरांहून मोठी तळी मोजली तर आकडा ११,८४२ भरतो. इथे राहायला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मला कुणीतरी विचारलं, "मग, स्की करता की नाही?" मी म्हटलं, "बघू, बर्फ पडू दे." समोरचा माणूस सभ्य होता, त्यानं हसू गिळलं. त्याला पाण्यावरची स्की अभिप्रेत होती.

तिसऱ्या वर्षी शेजारच्या सत्तरी ओलांडलेल्या आजोबांनी मला त्यांच्या बोटीवर नेलं, पायात फळ्या चढवल्या आणि दोरीचं टोक हातात दिलं. त्या सकाळी मी सहा वेळा पडलो. सहाही वेळा बोटीतून एकच आरोळी आली : "ओढू नकोस!" मला वाटायचं, दोरी हातात दिलीय ती ओढण्यासाठीच ना? या खेळातलं सगळं गणित आणि जवळजवळ सगळं सामान या एका गैरसमजाभोवती फिरतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधी एक घोळ मिटवू. गोव्यात किंवा मालवणला सुट्टीत जाऊन आलेली मंडळी 'वॉटर स्कीइंग केलं' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ती जेट-स्कीवर, म्हणजे पाण्यातल्या स्कूटरवर बसलेली असतात, नाहीतर बनाना राइडला गेलेली असतात. जेट-स्कीला स्वतःचं इंजिन असतं. वॉटर स्कीइंगमध्ये इंजिन पुढच्या बोटीत, तुमच्याजवळ फक्त दोन फळ्या आणि एक मूठ. बनाना राइडमध्ये फुग्यावर बसून ओरडलं तरी चालतं. इथे उभं राहावं लागतं आणि उभं राहणं हीच सगळी कला.

समुद्रापेक्षा तळं किंवा संथ खाडी या खेळाला मानवते, तीही पहाटेची, वारा सुटण्याआधीची. लाटांवर फळी आपटत जाते आणि गुडघे सगळे हादरे झेलतात. पाणी आरशासारखं असलं की फळीखालून फक्त रेशीम फाडल्यासारखा आवाज येतो. त्या आवाजासाठी इथले लोक सुट्टीच्या दिवशी पाच वाजता उठतात, हे मला आधी खरं वाटलं नव्हतं.

कपडे उकळायच्या हंड्यातून आलेली स्की

मिनियापोलिसहून मिसिसिपी नदीच्या काठाकाठानं खाली गेलं की नदी एके ठिकाणी पसरून चक्क तळं होते. सुमारे ३५ किलोमीटर लांब आणि तीनेक किलोमीटर रुंद. हे लेक पेपिन. त्याच्या काठावर लेक सिटी नावाचं छोटं गाव आहे आणि या गावानं 'वॉटर स्कीइंगचं जन्मस्थान' ही पाटी मोठ्या अभिमानानं लावलीय. १९२२च्या जूनअखेरीस इथल्या राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं ठरवलं, की बर्फावर घसरता येतं तर पाण्यावर का नाही?

मला ही गोष्ट आवडते, कारण आज दुकानात जे जे सामान मिळतं त्याची गरज का पडली हे तिच्यात एकेक करून कळतं. सॅम्युएलसननं आधी लाकडी पिंपाच्या बाकदार फळ्या पायाला बांधल्या. त्या तरंगवेनात, अंगाचं वजन पेलण्याइतकी रुंदीच त्यांना नव्हती. मग बर्फावरच्या स्की घेतल्या. त्याही अरुंद. शेवटी त्यानं दोन लाकडी फळ्या आणल्या, आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद. टोकं वर वळवायची होती, म्हणून आईच्या कपडे उकळायच्या हंड्यात ती उकळून मऊ केली, वाकवली आणि तशीच धरून सुकवली. पाय अडकवायला चामड्याचे पट्टे ठोकले. दोरी म्हणून सरकत्या खिडकीच्या चौकटीत असते तसली शंभर फूट दोरी आणि मूठ म्हणून लोहाराकडून करून घेतलेलं लोखंडी कडं. बोट चालवायला भाऊ बेन.

तरी जमेना. दिवसामागून दिवस तो फळ्या आडव्या ठेवून सुरुवात करायचा. बोट ओढायची, फळ्यांची टोकं पाण्यात घुसायची आणि तो तोंडावर आपटायचा. २ जुलैला, म्हणजे एकोणिसावा वाढदिवस लागण्याच्या आदल्या दिवशी, त्यानं मागे रेलून टोकं पाण्याबाहेर काढली आणि बोट चालू करायला सांगितली. तो वर आला.

पुढे १९२५ साली त्यानं पाण्यात तिरपा ठेवलेला तराफा चढून उडी मारली. पहिल्या वेळी फळ्या लाकडावर अडकल्या, मग तराफ्याला डुकराची चरबी फासली आणि काम झालं. त्याच वर्षी तो उडत्या बोटीमागे, म्हणजे पाण्यावरून उडणाऱ्या विमानामागेही गेला. पेटंट मात्र त्यानं घेतलं नाही. ते घेतलं न्यूयॉर्कच्या फ्रेड वॉलरनं, १९२५मध्येच. या वॉलरनं पुढे सिनेरामा नावाचा रुंद पडद्याचा सिनेमा शोधून काढला, म्हणजे माणूस काही साधा नव्हता. सॅम्युएलसन विस्मरणात गेला. त्याच्या जुन्या स्की गावातच टांगलेल्या होत्या. १९६३ साली एका वार्ताहर बाईंच्या नजरेला त्या पडल्या आणि चौकशी सुरू झाली. १९६६ साली अमेरिकेतल्या वॉटर स्की संघटनेनं त्याला या खेळाचा जनक म्हणून मान्यता दिली, खेळ सुरू झाल्यावर चव्वेचाळीस वर्षांनी.

माणूस पाण्यावर उभा कसा राहतो

लहानपणी तळ्याच्या काठावर चपटा दगड आडवा भिरकावून भाकऱ्या काढल्या असतील. दगड पाण्याहून जड. तरी वेग आहे तोवर तो टप्पे खात जातो आणि वेग संपला की डुबकन बुडतो. वॉटर स्कीवरचा माणूसही असाच दगड आहे. फरक एवढाच की त्याचा वेग संपू नये म्हणून त्याला दोरी लावलीय.

फळी पाण्यावर किंचित तिरपी असते, पुढचं टोक वर. ती पुढे जाताना समोरचं पाणी खाली रेटते आणि पाणी उलट तिला वर रेटतं. धावत्या एसटीच्या खिडकीबाहेर तळहात जरा तिरपा धरला की हात आपोआप वर उचलला जायचा आणि मागून कंडक्टर ओरडायचा, तोच हा जोर. पाणी हवेपेक्षा आठशे पट घट्ट असल्यामुळे त्याला विमानाचा वेग लागत नाही. वेग दुप्पट केला तर हा जोर साधारण चौपट होतो. त्यामुळे वेग कमी असेल तर फळी मोठी लागते, वेग जास्त असेल तर छोटी पुरते.

हे ध्यानात आलं की सगळे आकडे जागेवर बसतात. दोन रुंद फळ्यांवर शिकणाऱ्या प्रौढ माणसाला ताशी ३२ ते ४० किलोमीटर पुरतात, लहान मुलांना २० ते २५. एका फळीवर आलात की वेग वाढवावा लागतो. आणि फळी काढूनच टाकली, अनवाणी निघालात तर? तेही लोक करतात, १९४७पासून. त्यासाठी एक ढोबळ हिशेब आहे. वजन पौंडांत घ्यायचं, त्याला दहानं भागायचं, त्यात वीस मिळवायचे. तेवढे मैल ताशी वेग. सत्तर किलोच्या माणसाला हे ५५ ते ६० किलोमीटरच्या दरम्यान येतं. तळपाय म्हणजे फार छोटी फळी, एवढाच त्याचा अर्थ.

सगळ्यात कठीण क्षण सुरुवातीचा असतो. तुम्ही पाण्यात बसलेले, बोट निघाली. तेव्हा फळ्या घसरत नसतात, पाण्याला धक्का देत भिंतीसारख्या पुढे सरकत असतात आणि दोरीवरचा ताण त्या वेळी मोठा असतो. तीन-चार सेकंदांत वेग वाढतो, फळ्या पाण्यावर चढतात आणि ताण एकदम हलका होतो. नवशिक्या माणूस पडतो तो याच तीन-चार सेकंदांत.

त्याचं कारण असं. ताण आला की आपण हात आखडून मूठ छातीशी ओढतो. त्यामुळे दोरी क्षणभर ढिली पडते आणि आपण मागे कलंडतो. तेवढ्यात बोट पुढे सरकलेली असते, ढिली दोरी पुन्हा ताणली जाते आणि झटका बसून मूठ हातातून निसटते. दुसरी चूक म्हणजे घाईनं उभं राहणं. पाय सरळ केले की फळ्या खाली रुततात आणि दोरी तुम्हाला पुढे उलथवते. दोन्ही चुकांचं मूळ एकच, बोटीचं काम आपण करायला जाणं.

आजोबांनी शेवटी मला काठावर आणलं, गवतावर बसवलं आणि दोरीचं टोक स्वतः धरून सांगितलं, "गुडघे छातीला लाव, हात सरळ ठेव, आणि मी उभा करेपर्यंत काही करू नकोस." मी खाली बघितलं आणि हसू आलं. हे तर आपलं उकिडवं बसणं! गावाकडे बंबात लाकडं घालताना, भाजी निवडताना, रांगेत वाट बघताना ज्या बैठकीत माणसं तासन् तास बसतात तीच. खुर्चीत वाढलेल्यांना ही बैठक शिकवावी लागते. सातव्या खेपेला मी पाण्यात उकिडवा बसलो, फळ्यांची टोकं बाहेर, दोरी दोन टोकांच्या मधून, हात सरळ. बोट निघाली. मी काहीच केलं नाही, आणि उभा होतो. किती वेळ? मोजून अकरा सेकंद. मग आनंदानं एका हातानं कुणाला तरी हात हलवला.

फळ्या

शिकणाऱ्यानं जोड-स्की घ्यावी. दुकानात हिला 'कॉम्बो' म्हणतात. या दोन रुंद फळ्या असतात, प्रौढांसाठी साधारण १७० सेंटिमीटर लांब. त्यातल्या एकीवर पुढच्या पायाच्या जोड्यामागे आणखी एक पट्टा असतो, मागचा पाय घालायला. दोन फळ्यांवर हात बसला की दुसरी फळी सोडून याच एकीवर जाता येतं, नवी घ्यावी लागत नाही. लांबी निवडताना उंचीपेक्षा वजन बघायचं, कारण वर सांगितलं तसं पाण्याला तुमची उंची माहीत नसते. लहान मुलांच्या जोडीत दोन्ही टोकं आडव्या दांडीनं किंवा दोरीनं बांधलेली मिळतात. मुलांचे पाय पाण्यात भलतीकडे फाकतात, त्यावर हा चांगला उपाय आहे.

पुढे स्लॅलमची, म्हणजे नागमोडी वळणं घेत जायच्या प्रकाराची, एकेरी स्की येते, निमुळती आणि तळाला लांबट खोबण असलेली. ती पाण्यात कडेवर उभी राहते आणि झपकन वळते. युक्त्या करायची ट्रिक स्की आखूड आणि रुंद असते आणि तिला खाली परच नसतो. पर म्हणजे फळीच्या शेपटीखाली बसवलेलं धातूचं पातं, माशाच्या परासारखं. तो फळीला सरळ ठेवतो, आडवी घसरू देत नाही. ट्रिकवाल्याला तर गोल फिरायचं असतं, उलटं जायचं असतं, म्हणून त्याला तो नको. नवख्यानं ट्रिक स्कीवर पाय ठेवला तर साबणाच्या वडीवर उभं राहिल्यासारखं होतं. उडीच्या स्की दोन मीटरहून लांब असतात. त्या विकत घेण्याचा प्रश्न आपल्यापैकी कुणाला पडेलसं वाटत नाही.

फळीवर पाय धरून ठेवणाऱ्या रबरी जोड्याला बाइंडिंग म्हणतात आणि माझ्या मते फळीपेक्षा तो जास्त निरखून घ्यावा. तो घट्ट हवा, पण पडताना पाय त्यातून सुटला पाहिजे. सैल असेल तर फळीवर ताबा राहत नाही, फार आवळला असेल तर पडताना पाय फळीत आणि अंग दुसरीकडे, घोटा मुरगळलाच म्हणून समजा. एक पाय सुटला आणि एक अडकला तर त्याहून वाईट. शिकण्यासाठी मागेपुढे सरकवून मापात बसवता येतो असा मऊ जोडा बरा, घरातल्या सगळ्यांना चालतो. पाय कोरडा असेल तर रबरात शिरत नाही, म्हणून आधी जोडा आणि पाय दोन्ही ओले करायचे. काही जण साबणाचं पाणी वापरतात.

दोरी

पाण्यावर तरंगणारी दोरी हवी, हा पहिला नियम. बुडणारी दोरी बोटीच्या पंख्यात गुंतते आणि पडलेल्या माणसाला दिसतही नाही. वॉटर स्कीची दोरी प्लास्टिकच्या धाग्यांची असते आणि मुठीसकट साधारण २३ मीटर भरते. ती किंचित ताणली जाणारी असते, म्हणजे सुरुवातीचा झटका थोडा तीच खाते. वेकबोर्डची, म्हणजे आडवं उभं राहायच्या एकाच रुंद फळीची, दोरी मात्र अजिबात न ताणली जाणारी असते, कारण तिथे उडी मारताना ताण नेमका हवा असतो. कुणी 'दोरी ती दोरी' म्हणून वेकबोर्डची दोरी स्कीला लावली तर दिवसाच्या शेवटी खांदे ते सांगतात. आणि घरातली नायलॉनची दोरी नकोच. ती खूप ताणते, आणि सुटली की मूठ गोफणीतल्या दगडासारखी बोटीतल्या माणसांवर येते.

मूठ म्हणजे रबर चढवलेली आडवी दांडी, हातभर दोरीच्या त्रिकोणात बसवलेली. या त्रिकोणात हात किंवा डोकं घालायचं नाही, दोरी मनगटाला गुंडाळायची नाही. पडायला लागलात की सोडून द्या. बैलाचा कासरा हाताला गुंडाळून चालणाऱ्याला घरचे जे बोल लावतात तेच इथे लागू.

बोट

सुरुवातीला मागे टांगलेल्या इंजिनाची साधी बोट चालते. दोन फळ्यांवरच्या माणसाला उचलून नेण्याइतकी ताकद मात्र तिच्यात हवी. हळूहळू वेग घेणारी बोट नवशिक्याचा छळ करते, कारण ते तीन-चार सेकंद दहा-बारा होतात.

खास स्कीसाठी बनवलेल्या बोटीत इंजिन मधोमध असतं आणि पंखा पोटाखाली. अशी बोट सपाट बसते आणि मागे उठणारी लाट बुटकी राहते. बोटीच्या दोन बाजूंना उठणाऱ्या या लाटा स्की करणाऱ्याला ओलांडायच्या असतात, तो जितक्या लहान तितका खूश. वेकबोर्डवाल्यांना उलट मोठी लाट हवी असते, ते बोटीत मुद्दाम पाण्याची पिंपं भरून तिला जड करतात. त्यामुळे एकाच तळ्यावर या दोन जमातींची फारशी प्रीत नसते.

दोरी कुठे बांधायची हाही मुद्दा आहे. बोटीच्या मागच्या टोकाला बांधली तर स्की करणारा बाजूला जाताना बोटीची शेपटीच ओढून नेतो आणि बोट वाकडी फिरते. म्हणून चांगल्या बोटीत मधोमध एक खांब असतो, ज्या बिंदूभोवती बोट वळते त्याच्या जवळ. तिथे कितीही ओढलं तरी बोट फारशी हलत नाही.

बोटीत दोन माणसं हवीत. एकानं पुढे बघून चालवायचं, दुसऱ्यानं मागे बघत बसायचं. मिनेसोटाच्या कायद्यात मागे बघणारा माणूस नसेल तर रुंद आरसा तरी लागतो. पण आरसा सांगू शकत नाही की मागचा हात का हलवतोय. इंजिनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खुणा ठरलेल्या आहेत. अंगठा वर म्हणजे वेग वाढव, अंगठा खाली म्हणजे कमी कर. डोक्यावर थापट्या म्हणजे काठावर घेऊन चल. गळ्यावरून आडवा हात म्हणजे बंद कर. सगळ्यात महत्त्वाची खूण पडल्यानंतरची : पाण्यातून हात वर करून दाखवायचा, 'मी ठीक आहे'. ती दिसली नाही तर बोटीतले धावत येतात, म्हणून पडल्यावर आधी हात वर, मग नाकातलं पाणी काढणं. माझ्याकडून हा क्रम बरेच दिवस उलटा व्हायचा. आणि पडलेल्या माणसाजवळ बोट नेऊन त्याला चढवताना इंजिन पूर्ण बंद. नुसतं न्यूट्रल नाही, बंद.

अंगावर काय

विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा, सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचं लाकूड बांधलेलं ज्यांना आठवतंय त्यांना जॅकेट समजावायला नको. पोहता येत असलं तरी ते घालायचंच. ताशी ३५ किलोमीटरनं पाण्यावर आपटलं की श्वास कोंडतो, कधी भान जातं, आणि बेशुद्ध माणसाला पोहणं येत असून उपयोग नसतो. जॅकेट छातीला घट्ट हवं, तीन-चार पट्ट्यांचं. घालून झाल्यावर दुसऱ्याला खांद्यांजवळून वर उचलायला सांगावं. ते कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे. फुगवून वापरायची जॅकेटं या खेळाला चालत नाहीत. नुसता कमरेचा फोमचा पट्टाही नको, तो बेशुद्ध माणसाला तोंड खाली करून तरंगवतो. बाजारात पातळ, देखणी 'इम्पॅक्ट' जाकिटं मिळतात. ती मार कमी करतात, तरंगवण्याची खात्री देत नाहीत. लेबल वाचून घ्या.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार संकोचानं सांगत नाहीत. वेगात मागे बसकण मारून पडलं की पाणी शरीराच्या नाजूक वाटांनी जोरात आत शिरू शकतं आणि आतून इजा होते. त्यासाठी जाड रबरी कापडाची, निओप्रीनची चड्डी किंवा सूट घालावा, बायकांनी तर आवर्जून. नुसत्या पोहण्याच्या कपड्यांवर जाऊ नये. थंड पाण्यात हा सूट ऊबही देतो. इथे मे महिन्यात तळ्यात पाय घातला की त्याची किंमत कळते.

हातमोजे सुरुवातीला नसले तरी चालतं, पण दुसऱ्या दिवशी तळहाताचे फोड तुम्हाला दुकानात घेऊन जातात.

सहा बोये, सोळा सेकंद

स्पर्धेत तीन प्रकार असतात. युक्त्यांच्या प्रकारात वीस-वीस सेकंदांच्या दोन फेऱ्यांत जमतील तेवढ्या कसरती करायच्या. उडीच्या प्रकारात तिरप्या फळीवरून झेप घ्यायची, आणि जगातले अव्वल पुरुष ७५ मीटरपलीकडे जातात. मला मात्र वेड लावलंय ते स्लॅलमनं.

त्यात २५९ मीटरची सरळ वाट असते. बोट तिच्या मधोमध सरळ जाते, वळत नाही, वेग बदलत नाही. दोन्ही बाजूंना आलटून पालटून सहा बोये, म्हणजे पाण्यावर तरंगत्या खुणा, मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटर लांब. स्की करणाऱ्यानं नागमोडी जात प्रत्येक बोयाला बाहेरून वळसा घालायचा. पुरुषांच्या कमाल वेगानं, ताशी ५८ किलोमीटरनं, ही सगळी वाट सोळा सेकंदांत संपते. जमलं, तर पुढच्या फेरीला दोरी आखूड करतात. सव्वाअठरा मीटर, सोळा, सव्वाचौदा, तेरा, बारा, सव्वाअकरा.

आता इथे थांबून आकडे पुन्हा बघा. बोया साडेअकरा मीटरवर, दोरी सव्वाअकरा. दोरी बोयापर्यंत पोचतच नाही! मग वळसा कसा घालायचा? बोट पुढे, आपण तिच्या बरोबरीनं बाजूला फेकले गेलेले, दोरी जवळजवळ आडवी, एक हात मुठीवर पूर्ण लांबवलेला आणि बाकी सगळं अंग पाण्यावर आडवं करून फळी बोयाच्या पलीकडून काढायची. जो मूठ जवळ ओढतो त्याचं अंग आत येतं आणि बोया हुकतो. २०१३ साली अमेरिकेच्या नेट स्मिथनं पावणेदहा मीटरच्या दोरीवर अडीच बोये काढले. पावणेदहा आणि साडेअकरा यांतलं अंतर त्यानं फक्त हात आणि धड लांबवून भरून काढलं.

काय विकत घ्यावं

पहिल्या उन्हाळ्यात फक्त जॅकेट घ्या, तेही नवं आणि स्वतःच्या मापाचं. बाकी सगळं उसनं मागा. ज्याच्याकडे बोट असते त्याच्याकडे फळ्या आणि दोऱ्या असतातच, आणि बोटवाल्याला मागे बघणाऱ्या माणसाची नेहमी गरज असते. तुम्ही दोन-तीन सकाळी बोटीत बसून मागे बघत राहिलात, पेट्रोलचे पैसे पुढे केलेत आणि बरोबर पोहे नेलेत तर फळ्या आपोआप मिळतात. मी तसंच केलं. आता आजोबांच्या बायको कढीपत्त्याला नावानं ओळखतात.

जुनी जोड-स्की घेताना लाकूड-फायबरकडे कमी आणि रबराकडे जास्त लक्ष द्या. जोडा हातानं ताणून बघा, चिरा दिसल्या तर सोडून द्या. उन्हात वर्षानुवर्षं पडलेलं रबर पहिल्याच पडण्यात फाटतं. पराचे स्क्रू हलवून बघा. फळीच्या कडांवर नख फिरवा, कुठे उखडलेली धार असेल तर ती पोटरी कापते. दोरी मात्र जुनी घेऊ नका. एकदा धागे उसवायला लागले की ती नेमकी कुठे तुटेल ते बाहेरून कळत नाही, आणि नवी काही फार महाग नसते. घरी आणली की पाणी निथळू द्या, वेटोळं करून सावलीत टांगा. आमच्याकडे ती गॅरेजमध्ये खुंटीला असते, मुलीच्या बर्फावरच्या स्कीच्या शेजारी.